चित्रातील वासरू व विद्यार्थ्याचा उद्योग



सकाळी अभ्यासास उठविण्यासाठी ज्या मुलास आईला चार हाका माराव्या लागतात, तोच मुलगा गोठ्यातील वासरू हंबरताच अंथरूण सोडून धावतो. वासरास वैरण घातल्याबद्दल त्यास कोणी गुण देत नाही की प्रशस्तिपत्र देत नाही. तरीही कडाक्याच्या थंडीत तो पेंढी सोडतो, पाण्याची बादली पुढे ठेवतो, वासराच्या पाठीवरून हात फिरवितो आणि मगच घरात येतो. आमच्या श्रीपूरच्या परिसरात हे दृश्य कोणासही नवीन नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे हे गाव साखरेसाठी नावारूपास आले. आणि उसाच्या फडाबरोबर गाडी, बैल, गाय व शेळी ही ओघानेच आली. बेंदराच्या दिवशी खिल्लार बैलांची शिंगे रंगविताना आमची मुले जेवणखाणही विसरतात. तेव्हा कोणाही शिक्षकाच्या मनात असा प्रश्न सहजच उभा राहतो की, जो उद्योग, जो नियमितपणा व जो जिव्हाळा वासराच्या वाट्यास येतो, त्यातील थोडा तरी अंकगणिताच्या पुस्तकाच्या वाट्यास का येऊ नये?

या प्रश्नाचे एक नव्या काळचे उत्तर काही देशांतील विद्वानांनी शोधून पाहिले आहे. त्यांनी विद्यार्थ्याच्या हाती एक आभासी प्राणी दिला, आणि त्या प्राण्याचे पोषण विद्यार्थ्याच्या अभ्यासावर अवलंबून ठेविले. हा उपाय काय आहे, तो कोठवर उपयोगी पडतो, आणि तो करू जाता आमच्या वर्गात कोणती चूक घडली, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. जे वस्तुतः नसून असल्यासारखे भासते ते आभासी. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानातील बंदाई या खेळणी करणाऱ्या कंपनीने ‘तामागोच्ची’ नावाचे एक खेळणे विक्रीस आणले. अकिहिरो योकोई व अकी माइता यांची नावे त्याच्या निर्मितीशी निगडित आहेत. जपानी भाषेत तामागो म्हणजे अंडे. आणि खेळण्याचा आकारही अंड्यासारखाच होता. मध्ये एक इवलासा पडदा व त्याखाली तीन बटणे. पडद्यावरील अंडे फुटून पिल्लू बाहेर येई. त्यास भूक लागे, ते घाण करी, क्वचित आजारी पडे. बटणे दाबून त्यास खाऊ घालावे, खेळवावे, त्याची घाण काढावी, औषध द्यावे. आणि हेळसांड झाली तर ते मरे. मुलांस या पिल्लाचा एवढा लळा लागला की, ती ते शाळेतही नेऊ लागली, आणि पुष्कळ शाळांना त्यास बंदी करावी लागली. पुढे १९९७ साली या दोघा निर्मात्यांस ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक अर्थशास्त्रासाठी देण्यात आले. माणसांच्या कामाचे लक्षावधी तास त्यांनी आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळविले, हा त्यांचा पराक्रम होय!

विनोद बाजूस ठेवला तरी त्यातील मर्म विचारी माणसांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. ज्यास रक्तमांस नाही अशा पिल्लासाठी मूल रात्री उठते; तर मग ते पिल्लू गवताऐवजी अभ्यासावर वाढू लागले तर काय होईल? तैवानमधील नॅशनल सेंट्रल युनिव्हर्सिटीतील चेन, चान व त्यांचे सहकारी यांनी याच दिशेने काम केले. २००७ साली त्यांनी ‘माय-पेट’ व ‘अवर-पेट’, म्हणजे ‘माझा प्राणी’ व ‘आमचा प्राणी’, अशा दोन योजना मांडल्या. विद्यार्थ्यास काय येते व काय येत नाही हे प्रगतिपुस्तकातील रुक्ष आकड्यांतून न दिसता त्याच्या प्राण्याच्या अवस्थेतून दिसावे, ही त्यातील कल्पना. पुढे २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी मुलांच्या प्रयत्नशीलतेवरच भर दिला: प्राण्याचे संगोपन करावयाचे तर मुलाने अभ्यासात कष्ट केले पाहिजेत.

याच जातीचा दुसरा प्रयोग अमेरिकेतील. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील गौतम बिस्वास व स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॅनियल श्वार्ट्झ यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह ‘बेटीज ब्रेन’ नावाची संगणकीय योजना तयार केली. तिच्यातील बेटी हा प्राणी नसून एक आभासी विद्यार्थिनी आहे. तिला काहीच येत नसते. खऱ्या विद्यार्थ्याने तिला शिकवावयाचे. नदीतील मासे, शेवाळ व प्राणवायू यांचा परस्परसंबंध तो रेषा जोडून दाखवितो, आणि मग बेटीची परीक्षा होते. शिकवणीत चूक असेल तर बेटीही चुकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, आपण बेटीस शिकवीत आहोत असे मानणाऱ्या आठवीच्या मुलांनी, केवळ स्वतःसाठी शिकणाऱ्या मुलांपेक्षा अभ्यासास अधिक वेळ दिला व ती अधिक शिकलीही. विशेषतः वर्गात मागे पडणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा परिणाम अधिक ठळक होता.

असे का व्हावे? याची तीन कारणे संभवतात. पहिले असे की, अभ्यासाचे फळ फार उशिरा येते. आज पाठ केलेला पाढा उपयोगी केव्हा पडेल हे दहा वर्षांच्या मुलास दिसत नाही. परंतु आज घातलेली वैरण वासराने खाल्ली हे त्यास तत्काळ दिसते. दुसरे असे की, स्वतःसाठी आळस करणारे मूल दुसऱ्यासाठी आळस करण्यास कचरते. आपल्यावर कोणी अवलंबून आहे ही जाणीव माणसास मोठे करते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. चूक झाली की ‘मी मठ्ठ आहे’ असे मनात येऊन मूल खचते. परंतु चूक बेटीची झाली तर तीच चूक ते धीराने पाहते, तिचे कारण शोधते व ती दुरुस्त करते. अपयशाचा घाव अंगावर न घेता त्याकडे पाहण्यास त्यास थोडे अंतर मिळते.

हे वाचून आमच्या मनात आले की, आपणही हा उपाय करून पाहावा. प्रत्येक मुलास पुरेल इतकी यंत्रे आमच्यापाशी नव्हती. पण पुठ्ठा, कागद व रंग होते. पाचवीच्या वर्गात भिंतीवर एक मोठा तक्ता लाविला. प्रत्येक मुलाने आपल्या हाताने एक वासरू काढले व त्यास नाव ठेविले. कोणाचा सर्जा, कोणाची कपिला, कोणाचा ढवळ्या. प्रत्येक वासरापुढे कागदाची एक गव्हाण चिकटविली. नियम असा केला की, गणिताचे एक उत्तर बरोबर आले की गव्हाणीत कागदाची एक पेंढी टाकावी. शनिवारी पेंढ्या मोजाव्या. पुरेशा असल्या तर वासराचे थोडे मोठे चित्र लावावे, नसल्या तर वासराच्या कुशीवर एक बरगडी काढावी.

पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात वर्गातील पाचसहा वासरे पोळास शोभतील अशी झाली, आणि तीनचारांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मुले वासरांवरून एकमेकांस चिडवू लागली. यात काही विपरीत घडत आहे हे माझ्या ध्यानात यावयास हवे होते. पण भरलेल्या गव्हाणींकडे पाहून मी संतुष्ट होतो.

त्या वर्गात ऊसतोडणीसाठी बीडकडून आलेल्या एका कुटुंबाचा मुलगा होता. हंगाम सुरू झाला की ही कुटुंबे बैलगाड्या घेऊन येतात व हंगाम संपला की परत जातात. मुलांची शाळा मात्र दोन्हीकडे अर्धीच होते. हा मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला, तेव्हा भागाकाराचे धडे होऊन गेले होते. साहजिकच त्याचे वासरू सर्वांत रोड. एका सोमवारी सकाळी पाहतो तो तक्त्यावरील त्याचे वासरू नाहीसे झालेले, आणि बाकावर मुलगाही नाही. मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी सायंकाळी मी फडाकडे त्यांच्या कोपीवर गेलो.

आईवडील अद्याप फडातून परतले नव्हते. मुलगा दोन बैलांपुढे वाढे टाकीत होता. एका बैलाच्या खांद्यास जू लागून सूज आली होती, तिला त्याने तेल व हळद लावली होती. बैल धुतलेले, नीटनेटके. मला पाहून तो गोंधळला, कोपीत गेला व दप्तरातून ते चित्र काढून त्याने माझ्या हाती दिले. म्हणाला, “गुरुजी, आमचे बैल म्या एक दिस उपाशी ठेवले न्हाईत. वर्गात समदी म्हणत्यात, ह्याचं वासरू उपाशी मरतंय.”

मजजवळ उत्तर नव्हते. जो मुलगा आमच्या वर्गात जनावराची खरी निगा राखण्यात कदाचित पहिला ठरला असता, त्याच्याच माथी मी निष्काळजीपणाचा शिक्का मारला होता. माझ्या तक्त्याने त्याचे कष्ट मोजलेच नव्हते. तो वर्गात येण्यापूर्वी जे धडे होऊन गेले, तेवढेच त्याने मोजले होते.

बोलणे दुसरीकडे वळवावे म्हणून मी विचारले, “या दोघांना दिवसास किती पेंढ्या लागतात?” तो म्हणाला, “बारा.” “आणि नव्वद आणल्या तर?” क्षणभर बैलांकडे पाहून तो उत्तरला, “सात दिस जात्यात. आठव्याला सहा उरत्यात, अर्ध्या दिसाच्या.” ज्या भागाकारासाठी त्याची गव्हाण रिकामी राहिली होती, तोच भागाकार बाकीसह त्याने तोंडी करून दाखविला. ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या मुलांविषयी १९८५ साली अशीच गोष्ट संशोधकांनी नोंदविली आहे: गिऱ्हाइकाशी तोंडी व्यवहार करताना जी मुले सहसा चुकत नसत, तीच मुले तसेच हिशेब कागदावर मांडून दिले असता अडखळत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नियम बदलले. पेंढी आता बरोबर उत्तरास मिळेना; ती प्रयत्नास मिळू लागली. उदाहरण पायऱ्या मांडून सोडविण्याचा यत्न केला, तर एक पेंढी. आपली चूक आपण शोधून दुरुस्त केली, तर दोन. समजले नाही म्हणून उभे राहून विचारले, तर एक. सोबत्यास समजावून दिले, तर दोघांच्याही वासरांस एकेक. बरगड्या काढणे बंद केले. जो आजारी असेल वा कामामुळे गैरहजर असेल, त्याचे वासरू उपाशी राहू नये म्हणून इतरांनी त्याच्या गव्हाणीत पेंढी टाकावी, अशी मोकळीक ठेविली. शेतकऱ्याच्या घरी हाच रिवाज असतो. धनी गावास गेला तर शेजारी त्याच्या बैलांस पाणी दाखवितो. तैवानच्या विद्वानांनी ‘माझा प्राणी’ याच्या जोडीस ‘आमचा प्राणी’ का ठेविला असावा, ते मला त्या वेळी उमगले.

बुद्धीपेक्षा प्रयत्नास मान द्यावा, हा केवळ उपदेश नव्हे. त्यास प्रयोगाचाही आधार आहे. कोलंबिया विद्यापीठातील क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सुटल्यावर काही मुलांस ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले व काहींस ‘तू चांगली मेहनत केलीस’ असे म्हटले. पुढे अवघड कोडी देऊन दोघांसही अपयशाचा अनुभव दिला. तेव्हा हुशार म्हणून वाखाणलेली मुले लवकर खचली. मेहनतीची वाखाणणी झालेली मुले चिकाटीने बसली. भिंतीवरील धष्टपुष्ट वासरू जर ‘मी हुशार’ एवढेच सांगत असेल, तर ते त्या हुशार मुलाचेही अकल्याणच करते.

आता या उपायातील धोका सांगणे अवश्य आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या बालकांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांस रंगीत लेखण्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांतील काहींस आधीच सांगितले की, चित्र काढल्यास सुंदर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे एकदोन आठवड्यांनी त्या लेखण्या पुन्हा वर्गात ठेविल्या, तेव्हा आमिष दाखविलेल्या मुलांनी इतर मुलांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रकलेस दिला. जे काम आनंदासाठी होत होते ते मोबदल्यासाठी होऊ लागले, आणि मोबदला सरताच आनंदही सरला. आभासी प्राणी हेही एक आमिषच आहे. यास्तव ज्या मुलास वाचनाची गोडी आपोआप लागली आहे, त्याच्या पुस्तकास वासरू बांधू नये. मोबाइलवरील आभासी प्राण्यांविषयी तर अधिकच सावध असावे. त्यांतील कित्येक खेळ मुलास घटकेघटकेस हाक मारतात, न आल्यास प्राणी दुःखी झाल्याचे दाखवितात आणि त्याच्या सुखासाठी पैसे खर्चावयास लावतात. जे मुलाच्या करुणेचा बाजार मांडते, त्यास शिक्षणाचे साधन म्हणणे योग्य नव्हे.

येथे कोणी विचारील की, खरी जनावरे दारी असता चित्रातील वासरू हवे कशाला? प्रश्न रास्त आहे. खरे पाहता जनावर आणि विद्या यांचे वैर आपणच मानले. ‘गुरे राख’ हा शब्द आपण मुलास शिवी म्हणून ऐकवितो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तसे मानले नाही. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले व पुढे १९५७ साली कोसबाड येथे गेलेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र प्रसिद्ध आहे. गुरे चारावी लागतात म्हणून आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसून आल्यावर, मुले जेथे गुरे चारीत तेथेच शाळा नेण्यात आली; तीच कुरणशाळा. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील उदाहरण अलीकडचे आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे २००९ साली रुजू झाले, तेव्हा ती शाळा गुरांचा गोठा व कोठार यांच्यामध्ये असलेल्या पडक्या इमारतीत भरत असे. पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून त्यांनी ध्वनी व चित्रे मुलांपर्यंत पोहोचविली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि दहा लक्ष डॉलरांची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. साधन कुरण असो वा यंत्र असो, मूल जेथे उभे आहे तेथून त्यास पुढे नेणे हेच दोन्हीकडचे काम होय.

पालकांस माझी विनंती एवढीच की, मुलास गोठ्यात कामास लाविले म्हणजे अभ्यास बुडाला असे मानू नका. त्यास वैरणीचा हिशेब वहीत मांडावयास सांगा. दूध किती निघाले, पेंड किती लागली, पैसे किती उरले, हे रोज लिहिणारे मूल अंकगणित, लेखन व जबाबदारी एकदमच शिकते. घरी जनावर नसेल तर चित्रातील वासरू चालेल. परंतु त्याची गव्हाण प्रयत्नांनी भरावी, आणि आपल्या मुलाचे वासरू शेजारच्या मुलाच्या वासराशी ताडून पाहू नये. विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही सांगणे आहे. ज्या दिवशी पेंढी मोजावयाचे विसरून तुम्ही उदाहरणातच रंगून जाल, त्या दिवशी वासराचे काम झाले असे समजा. वासरू खुंट्यास बांधतात ते पळून जाऊ नये म्हणून. ते दावे अभ्यासास जन्मभर बांधून ठेवावयाचे नाही.

तो बीडकडील मुलगा पुढे नियमित येऊ लागला. नव्या नियमांनी त्याची गव्हाण भरू लागली, आणि तोंडी हिशेब कसा करावा हे तो इतरांस दाखवू लागल्यावर सोबत्यांच्या गव्हाणीही भरू लागल्या. हंगाम संपला तेव्हा तो निरोप घेण्यास वर्गात आला. रस्त्यावर गाडी जुंपून उभी होती. तक्त्यावरील त्याचे वासरू सोडवून मी त्याच्या हाती देऊ लागलो, तर तो मागे सरला. “वासरू हितंच ऱ्हाऊ द्या गुरुजी, ही पोरं घालतील त्याला,” असे म्हणून त्याने बाकावरील गणिताची वही उचलली व दप्तरात घातली. तिची काही पाने कोरी होती, ती वाटेत पुरी करीन असे तो म्हणाला.

वासरू अद्याप तक्त्यावर आहे. मुले आपापल्या अभ्यासातील एकेक पेंढी त्याच्यापुढे टाकतात. दिवाळीनंतर गाड्या पुन्हा येऊ लागतील, तेव्हा त्याच्या धन्याची आम्ही सर्वजण वाट पाहणार आहोत.